एक मास्क, तीस रात्री

६ जानेवारी, सोमवार

मशीन आली. चपलांच्या खोक्याएवढी. लांब पाइप, नाकावर बसणारा मास्क, बाजूला पाण्याची छोटी टाकी. जवळच्या बोरसीहून सुशील नावाचा टेक्निशियन आला आणि पलंगाशेजारी स्टुलावर लावून गेला. रात्रभर नाकातून हवेचा दाब राहील, घसा मिटणार नाही, श्वास थांबणार नाही — असं म्हणाला.

माझा थांबतो. तासाला एकतीस वेळा! डिसेंबरच्या टेस्टमध्ये निघालं. घोरणं हा आजार असतो हे सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

अट अशी: तीस रात्री. त्यातल्या निदान एकवीस रात्री मास्क चार तासांच्या वर चढलेला पाहिजे. मशीनमधल्या कार्डावर सगळं नोंदलं जातं. सहा फेब्रुवारीला डॉक्टर मॅडम रिपोर्ट लिहितील, तो मेडिकल बोर्डाकडे जाईल. पास झालो तर परत पोलाद कारखान्याच्या गॅस सेफ्टी विभागात. नाही तर ऑफिसात फायली.

नोव्हेंबरातलं इथे लिहून ठेवतो. घरी पूर्ण सांगितलेलं नाही. दोन जण मोठ्या गॅस लाइनच्या आत दुरुस्तीला गेले होते. मी मॅनहोलच्या बाहेर, हातात गॅस मोजायचा मीटर. बाहेरच्या माणसाचं काम एकच — जागं राहायचं. आणि मी बसल्या बसल्या झोपलो! किती वेळ, देव जाणे. माझ्या जोडीच्या नरेशने येऊन खांदा हलवला. आतले दोघे ठीक होते. नरेश कुणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन साहेबांना सांगितलं. त्याबद्दल नरेश अजून मला येडा म्हणतो.

ते दोघे ठीक होते हे मी रोज एकदा स्वतःला सांगतो.

७ जानेवारी

दोन तास पाच मिनिटं. मग फेकला मास्क. जीभ टाळूला चिकटलेली. बोटाने सोडवावी लागली!

८ जानेवारी

एक तास पन्नास. नाक चोंदलेलं, तोंड कोरडं ठाक. नाक बंद झालं की तोंड आपोआप उघडतं, आणि मग सगळी हवा घशातून वारा वाहिल्यासारखी बाहेर. बायकोने, रंभाने, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. तीनदा उठून प्यायलो, मग चारदा बाथरूमला. ही झोप म्हणायची?

पट्टे आणखी आवळले. मास्क सैल म्हणजे माणूस गेला — गॅस एरियात तीस वर्षं नव्या लोकांना हेच शिकवलं. सकाळी गालांवर दोन लाल वळ. ऑफिसात नरेश डबा खायला आला, बघून म्हणाला, "वहिनीनं मारलं का बे?"

९ जानेवारी

दोन तास. रंभा विचारते, "टाकीत पाणी भरलं का जी?"

मी हो म्हटलं. भरलेलं नाही. पहिल्या दिवशी तिने भरलं होतं, तेही मी ओतून, फडक्याने पुसून ठेवलं. हवेच्या लाइनीत मुद्दाम पाणी कोण घालतं? जन्मभर मी लाइनीतून पाणी काढलं. थंडीत गॅसमधलं पाणी खाली साचतं, मग ते ड्रेन पॉटमधून सोडायचं, नाही तर लाइन तुंबते, आतून कुजते. लाइनीतलं पाणी म्हणजे दुश्मन. आता उशाशी, माझ्याच नाकात जाणाऱ्या लाइनीत पाणी? सुशील पोरगेला माणूस आहे, त्याला काय माहीत.

१० जानेवारी

आज अक्कल गेली होती. नाक मोकळं व्हावं म्हणून दोन्ही नाकपुड्यांत बाम लावला. वर मास्क. वर मशीन चालू. बामाचा सगळा वाफारा डोळ्यांत! पलंगावर उठून बसलो, घळाघळा पाणी. रंभा आधी घाबरली, मग हसत सुटली. "रडून राहिले का तुमी? नोकरीसाठी?" मीही हसलो. पंचेचाळीस मिनिटं भरली.

११ जानेवारी

दीड तास. लिहायला काही नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज घरात जे झालं त्याने दिवसभर मन लागलं नाही.

तोंड उघडतं ना — मग ते बांधूनच टाकावं, असं डोक्यात आलं. गमछा घेतला, हनुवटीखालून डोक्यावर नेला, वर पक्की गाठ. वरून मास्क. झोपलो. मास्क दोनच्या सुमाराला काढलाच, पण गमछा तसाच राहिला.

पाच वाजता रंभा उठली. लाइट लावला. आणि जी ओरडली! मी दचकून उठलो तर ती भिंतीला टेकून उभी, हात तोंडावर.

"काढा ते! आधी काढा! मेल्या माणसाचं बांधतेत तसं बांधून निजले!"

मी गाठ सोडू लागलो, ती सुटेना. तीच पुढे आली, गाठ सोडली आणि गमछा मोरीत टाकून आली. तिच्या बाबांच्या वेळेस तिनेच हनुवटी बांधली होती. माझ्या डोक्यात हे यायला पाहिजे होतं. आलं नाही.

मग चहा पिताना हळूच म्हणाली, "तुमाले माहीत नाई. किती वर्सं झाले, तुमचा श्वास थांबला का मी मोजत रायते. दहा, पंधरा, वीस. मंग हलवते तुमाले."

मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं ती कूस बदलताना धक्का लागतो.

मग विचारलं, "चार तास नाई भरले तं काय होते?"

सांगितलं — ऑफिस. फायली. दोन वर्षांनी तिथूनच निरोप समारंभ. आणि नोव्हेंबरातलंही सांगून टाकलं, सगळं. तिने माझ्या कपातला गार चहा ओतून दुसरा केला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ तोंडात टाकला तर विरघळेना, इतकी लाळ आटलेली! हर्षाचा रायपूरहून फोन. आमची लेक अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते. "बाबा, डॉक्टर को बताओ ना, कावून सहन करून राहिले?"

पण एक गंमत. स्क्रीनवर पाच तास दहा मिनिटं! कालही चार तास चाळीस होते. मी तर दोन्ही दिवस दोनच्या सुमाराला मास्क काढला, घड्याळ पाहिल्याचं आठवतं. सकाळी मास्क हुकला नीट टांगलेला, म्हणजे रंभाने उचलून ठेवला असणार. मशीन बंद व्हायला उशीर लागत असेल. असो. उदार मशीन!

१६ जानेवारी

पाच तास. पाच तास पंचवीस. सलग चार रात्री पास. तोंड मात्र तसंच, वाळवंट. नाकातून रक्ताचा ठिपका आला आज.

मीटर आपल्या सोयीचा आकडा दाखवायला लागला की दोनदा तपासावा, हेही मीच शिकवायचो. तपासला नाही. आकडा आवडला म्हणून तपासला नाही, हे खरं.

रंभा आज खुशीत आहे. सकाळी सकाळी सगळे पडदे धुतले. म्हणते, डोकं हलकं वाटून राहिलं. तिचं डोकं रोज सकाळी दुखतं — माझ्या घोरण्याने झोप होत नाही ना. आता होत असेल.

१८ जानेवारी, शनिवार

नाकातल्या रक्ताला घाबरून शेवटी सुशीलला बोलावलं. त्याने टाकी काढली, उजेडात धरली.

"अंकल, ये तो नई की नई है! पानी डाला ही नहीं?"

रंभा दारात उभी. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे बघितलं. मग सांगितलं त्याला — लाइनीत पाणी, ड्रेन पॉट, तीस वर्षं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याच्या घरी मराठीच बोलतात. खाली बसून मराठीत सांगितलं, "काका, तुमच्या लाइनीत गॅस जाते. हिच्यातली हवा तुमच्या नाकात जाते. नाकाचं काम हवा ओली करून आत पाठवायचं. इथे रातभर जोराची कोरडी हवा आली, तं नाक बिचारं काय करीन? सुजते. बंद होते. मंग तोंड उघडते, मंग तोंड सुकते."

चार वाक्यांत माझी बारा रात्रींची कथा.

मग पट्टे पाहिले. दोन बोटं आत जातील इतके सैल केले. म्हणाला, इतकं आवळलं की मास्कची रबरी गादी वाकडी होते आणि उलट जास्त हवा गळते. ही विषारी गॅसची जागा नाही, थोडी गळली तरी कुणी मरत नाही. खरं आहे. पण हाताला सवय लागलेली असते.

डॉक्टर मॅडमला फोन लावून दिला. त्यांनी झोपण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे सांगितला. सर्दीचे ते चटकन नाक उघडणारे थेंब रोज घालू नका म्हणाल्या, सवय लागते आणि नाक जास्त बंद होतं. टाकीत मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड पाणी, रोज नवं. टाकी रोज धुवायची.

सुशील गेल्यावर रंभाने फक्त एवढं म्हटलं, "मले भरलं म्हणून सांगतलं होतं तुमी."

१९ जानेवारी, रविवार

पाणी भरलं. आणि मीच खरा ठरलो!

रात्री एक वाजता पाइपात गुडगुड. मग नाकावर गार पाण्याचे थेंब. मास्क काढला. रंभाला उठवून दाखवलं, "बघ! लाइनीत पाणी!" ती म्हणाली, "झोपा." आणि कूस बदलली. सकाळी स्क्रीनवर जेमतेम दोन तास. उदार मशीन आज कंजूस.

पण सकाळी डोकं चालायला लागलं. आतली हवा गरम आणि ओली. बाहेर खोलीत थंडी, आज तर दहा अंशांच्या खाली. पाइप गार, म्हणून आत पाणी सुटतं. हे तर माझंच काम आहे! मला कुणी शिकवायचं?

वाफेच्या लाइनींना आम्ही लॅगिंग करतो — वरून जाड आवरण, म्हणजे पाइप गार पडत नाही. रंभाचा जुना लोकरी स्वेटर होता, त्याच्या दोन्ही बाह्या कापल्या, शिवल्या आणि पाइपवर चढवल्या. मशीन स्टुलावरून उतरवून खाली पाटावर ठेवली, पलंगापेक्षा खाली. पाइपला उतार दिला. पाणी सुटलंच तर नाकाकडे न येता टाकीत परत जाईल. टाकीतलं पाणी तापवणारा हीटर एक घर कमी केला. दुपारभर हेच. रंभा म्हणाली, "स्वेटर चांगला होता तो." पण बघत होती कौतुकाने, मला कळतं.

२० जानेवारी

सहा तास चाळीस मिनिटं. मी! मी स्वतः! सकाळी मास्क नाकावरच होता. गुडगुड नाही. जीभ ओली. उठून आधी रंभाला आवाज दिला आणि आवाज घशातून साफ निघाला.

२१ जानेवारी

सात तास!!

दुपारी ऑफिसात डुलकी नाही. फाइल वाचली, शेवटपर्यंत. काय लिहिलं होतं ते आठवतंही आहे.

२४ जानेवारी

परत नाक थोडं जड झालं. फिल्टर काढून पाहिला — अठरा दिवसांत काळा. कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दहातल्या आमच्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तरी बोट काळं होतं, मशीन तरी काय करील. फिल्टर बदलला. नाक ठीक.

रंभाचं डोकं परत दुखायला लागलं. चार दिवसांपासून. आता तर मी घोरतही नाही. चष्म्याचा नंबर असेल, दाखवू.

३० जानेवारी

सगळ्या रात्री पास. आता लिहायला काही घडतच नाही. नरेशने माझा लॉकर झाडून ठेवलाय म्हणे. माझं हेल्मेटही पुसून ठेवलं. असं कुणी आपली वाट पाहिली की माणसाला बरं वाटतं. उगाच नाही म्हणणार मी.

रंभा चिडचिडी झाली आहे. भाजीत मीठ दोनदा. वरण गॅसवर ठेवून बसल्या बसल्या डोळा लागला, भांडं जळलं. मी म्हटलं, आता माझ्यामागे जागायचं नाही, तरी का थकतेस? म्हणाली, "वय झालं."

५ फेब्रुवारी, बुधवार

तीस रात्री संपल्या. सुशील येऊन कार्ड वाचून गेला. तेवीस रात्री चार तासांच्या वर! पाहिजे होत्या एकवीस.

पण तो लॅपटॉपकडे बघत बसला. "काका, तेरा ते अठरा जानेवारी — सहा रात्री. दोन वाजेपर्यंत तुमचा श्वास एकदम मस्त. तासाला दोन-तीन वेळा अडकते, बस. दोन वाजल्यानंतर वीस-बावीस वेळा. रोज. एकोणीसपासून परत तसं काहीच नाही. पाणी भरून एवढा फरक नाही पडत." मी म्हटलं पट्टे, गळती, थंडी. तो मान हलवत होता, पण पटलं नव्हतं त्याला.

रंभा चहा ठेवायला आत गेली ती तो जाईपर्यंत बाहेर आलीच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

डॉक्टर मॅडमने ग्राफ मोठा करून पाहिला. खूप वेळ. मग म्हणाल्या, "ये एक आदमी की साँस नहीं है. दो लोग हैं."

मी म्हणणार होतो की मशीनच बिघडली असेल. तेवढ्यात रंभा बोलली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडम, मीच होती ते. यायनं मास्क काढून टाकला का मी लावून घे. पाइप लांब आहे, माह्या बाजूनं येते. चार तास भरले पायजे होते ना. नाई तं यायले फायलीवर बसवतेत. मी बसून राहीन म्हणलं होतं — पण मले झोप लागून जाये."

डॉक्टर मॅडमने पेन खाली ठेवलं.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय चांगली झोप लागे जी त्याच्यात. मले तशी कधीच नाई लागली. सकायी डोकं नाई दुखे."

मला तिथेच रडू आलं. डॉक्टर मॅडमसमोर. ते पडदे धुतले तो दिवस आठवला. सहा रात्री तिला झोप मिळाली, आणि माझं नाक सुधारलं तशी तिची झोप परत गेली. आणि मी तिला चष्म्याचा नंबर सांगत होतो!

मॅडम रागावल्या नाहीत. रंभाची टेस्ट लिहून दिली, घरीच, एका रात्रीची. मग पेन घेऊन मला विचारलं, "आपके कितने लिखूँ?"

तेवीस लिहिलं असतं तर उद्या मी गॅस सेफ्टीत होतो. रंभाने माझा हात दाबला, ते कशासाठी हे मला माहीत होतं. मी म्हटलं, सतरा. बाकीच्या सहा हिच्या आहेत.

घरी येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, "कावून सांगतलं सतरा? माही मेहनत पाण्यात गेली ना!"

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, मीटरवाला माणूस आहे मी. एकदा झोपलो. खोटा आकडा घेऊन परत त्या मॅनहोलवर उभा राहणार नाही. मग घरापर्यंत तिचं डोकं माझ्या पाठीवर होतं.

७ फेब्रुवारी

बोर्डाचं उत्तर — अजून तीस रात्री, मग पाहू. नरेशला सांगितलं. तो म्हणाला, "तू येडाच आहे बे." मग विचारलं, "वहिनी कशा आहे?"

१० फेब्रुवारी

काल रात्री रंभाची टेस्ट. बोटाला क्लिप, नाकाखाली बारीक नळी, छातीला पट्टा. म्हणाली, "कोणाले फोटो नका पाठवू." हर्षाला पाठवला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आला. सुशील येऊन मशीनचा दाब बदलून गेला. आज रात्रीपासून ती रंभाच्या बाजूला. माझी दुसरी यायला आठ दिवस लागतील, माझ्या तीस रात्री तेव्हापासून.

तासाला बावन्न वेळा थांबतो तिचा श्वास. माझे एकतीस होते — आणि इतकी वर्षं माझे मोजत जागायची ती!